चिठ्ठीनंतरचं पाकीट

आमच्या तुन्ह्यात, कोलंबियातल्या या डोंगराळ शहरात, शेजारणीकडे सुई मागायची तरी आधी विचारावं लागतं: सकाळी बऱ्या उठलात ना, घरचे बरे आहेत ना, थंडी सोसते ना. मग शेजारीण तेच सगळं आपल्याला विचारते. तोवर सुई कशाला हवी होती तेच डोक्यातून निघून जातं. मला या प्रकाराचा लहानपणापासून वैताग आहे. मी प्रोग्रॅमर झाले त्यात याचाही वाटा असावा. मशीनला काही विचारलं की ते उत्तर देतं, नाहीतर चूक दाखवतं, मध्ये कुणाच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करत नाही. माझं नाव नोहोरा सियाचोके. ऑफिसात माझ्या पाठीमागे मला 'बर्फाची लादी' म्हणतात, हे मला ठाऊक आहे आणि माझी त्याला काही हरकत नाही.

त्या सोमवारी आमचा साहेब, इंजिनियर एलिएसेर पुलिदो, काळ्या कॉफीचा कप घेऊन माझ्या टेबलाशी आला. त्यानं माझ्या झोपेची, माझ्या आईच्या गुडघ्याची आणि माझ्या खोलीच्या गळक्या छपराची रीतसर विचारपूस केली. मी तिन्हींना 'बरं आहे' म्हटलं, जे तिन्हींच्या बाबतीत खोटं होतं. मग तो मुद्द्यावर आला. पेन्यास नेग्रासच्या दवाखान्यातलं ईसीजीचं यंत्र शुक्रवारच्या बैठकीत काढून घ्यायचं ठरतंय, त्याचा अहवाल मी तयार करायचा.

आमची संस्था छोटी आहे. डोंगरातल्या दवाखान्यांना आम्ही ईसीजीची यंत्रं देतो. तिथली नर्स माणसाच्या छातीला तारा लावते, ईसीजी काढते, बटण दाबते, आणि मेसेज आमच्या सर्व्हरवर येऊन पडतो. आमचा कोड त्या मेसेजमधून ईसीजीची फाईल बाहेर काढतो आणि शेजारच्या इमारतीत बसलेल्या डॉक्टर रोबायोंच्या पडद्यावर ठेवतो. डॉक्टर वाचतात, उत्तर परत जातं. पेन्यास नेग्रासला यंत्र देऊन बटाट्याचा एक हंगाम उलटून गेला होता. तिथून दर आठवड्याला मेसेज येत होते, पण एकही ईसीजी डॉक्टरांपर्यंत पोचला नव्हता. प्रत्येक मेसेजवर आमच्या सिस्टिमनं एकच शिक्का मारला होता: 'ईसीजी वाचता येत नाही, पुन्हा पाठवा.' आणि तिथली नर्स पुन्हा पाठवत होती.

साहेबाचं म्हणणं असं पडलं की त्या बाईला यंत्र चालवता येत नाही, आणि दुसरं गाव रांगेत उभं आहे. मलाही ते पटलं. फक्त माझी एक खोड आहे. एखादी गोष्ट मोडली आहे असं लिहायच्या आधी ती मोडलेली मला माझ्या डोळ्यांनी बघावी लागते. साहेब जाता जाता म्हणाला, "अहवालच कर हं, इंजिनियरबाई. कोडला हात लावू नकोस. बाकीच्या सगळ्या गावांचं सुरळीत चाललंय."

मी पेन्यास नेग्रासचा एक मेसेज जसा आला तसा उघडला.

असा मेसेज म्हणजे एक पोतं असतं. पोत्यात पाकिटं. सगळ्यात वर एक चिठ्ठी: कुठलं गाव, कुठला रोगी, वय काय, आणि त्याचा ईसीजी अमुक नावाच्या पाकिटात आहे. त्याखाली बाकीची पाकिटं. दोन पाकिटांच्या मध्ये एक ठरावीक खुणेची ओळ असते. ती आली की एक पाकीट संपलं, पुढचं सुरू झालं. ओळ शोधत जायचं आणि कापत जायचं, इतकं ते सोपं आहे. बाकीच्या गावांच्या पोत्यात चिठ्ठी आणि ईसीजी, एवढंच असायचं. पेन्यास नेग्रासच्या पोत्यात तीन पाकिटं होती. चिठ्ठी, मग एक फोटो, मग ईसीजी. ईसीजी चांगला धडधाकट होता, एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं नव्हतं.

मग मी आमचा कोड काढला, आणि कपाळाला हात लावला. तो बोगोताच्या कुणा पोरानं लिहून दिलेला होता, पैसे घेऊन केव्हाच पसार झालेल्या. पोत्यात काय काय आहे ते त्यानं बघितलंच नव्हतं. चिठ्ठी उघडायची, रोग्याचं नाव घ्यायचं, आणि चिठ्ठीनंतर जे पहिलं पाकीट हाताला लागेल तो ईसीजी समजायचा. चिठ्ठीत पाकिटाचं नाव स्पष्ट लिहिलेलं असताना ते वाचायची तसदीसुद्धा त्यानं घेतली नव्हती. आमचा कोड इतके दिवस फोटोतून हृदयाचे ठोके शोधत होता, आणि सापडले नाहीत म्हणून त्या बाईला बोल लावत होता.

मी फोन उचलला. नर्सचं नाव एदिल्मा तिबादुईसा. तिनं 'हॅलो' म्हणताच मी विचारलं, "तुम्ही ईसीजीच्या आधी फोटो का जोडता?"

पलीकडून अगदी सावकाश आवाज आला. "सुप्रभात, सुमेर्से. सकाळी बऱ्या उठलात ना?"

सुमेर्से म्हणजे आमच्या डोंगरातलं 'तुम्ही', पण त्यात थोडी मायाही असते आणि वेळ पडली तर थोडी कानउघाडणीही. ही दुसरी होती. मी निमूटपणे सुप्रभात म्हटलं, बरी उठले म्हटलं, त्यांनाही विचारलं. त्या बऱ्या उठल्या होत्या. गायही बरी होती. धुकं होतं, पण उतरत होतं. एवढं झाल्यावर त्यांनी माझ्या प्रश्नाला हात घातला.

"आता सुमेर्सेच सांगा," त्या म्हणाल्या. "कुणाच्या दारात गेल्या गेल्या आपण एकदम काळीज काढून टेबलावर ठेवतो का? आधी सांगावं लागतं, या दोन्या एर्मिंदा, या वरच्या वस्तीवरून चालत आल्यात, हा बरोबर यांचा नातू. डॉक्टरांनी त्यांना बघावं, मग त्यांचा ईसीजी बघावा. ओळख नको का व्हायला?"

'दोन्या' म्हणजे आमच्याकडचं मानाचं 'बाई'. यावर मला जे बोलायचं होतं ते मी गिळलं. मी एवढंच सांगितलं की फोटोमुळे ईसीजी पोचत नव्हता, चूक आमच्या कोडची आहे. मग त्यांनी त्यांची बाजू सांगितली. 'वाचता येत नाही' असं उत्तर आलं की त्यांना वाटायचं, आपला हात वाईट, तारा नीट चिकटल्या नाहीत. मग त्या निरोप धाडून माणसाला पुन्हा खाली बोलवायच्या, छाती स्पिरिटनं पुन्हा पुसायच्या, पुन्हा ईसीजी काढायच्या. आणि माणूस पुन्हा आलाय म्हटल्यावर फोटोही पुन्हा काढायच्या, कारण लोक दर वेळी केस विंचरून येत.

शुक्रवारचं त्यांच्या कानावर आलेलं होतं. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "ते यंत्र मला हवंय, सुमेर्से. इथून तुन्ह्याला बस फक्त बाजाराच्या दिवशी जाते. आणि गाय काही धारेसाठी थांबून राहत नाही. छातीत दुखलं तरी लोक घरातच बसून राहतात. यंत्र खोलीत आहे म्हणून खाली तरी येतात." मग त्यांनी विचारलं, "फोटो बंद करू का?"

मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "बरं. सुमेर्से म्हणतील तसं." त्यांचा आवाज पडला, तो मला ऐकू आला. फोन ठेवल्यावर खरं तर मी खूश व्हायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम दोन मिनिटांत झालं होतं, म्हणजे धुकं आणि गाय धरून दहा मिनिटांत. पण मी काही खूश नव्हते. उद्यापासून फोटो बंद केल्यानं शुक्रवारला काहीच फरक पडणार नव्हता. बैठकीपुढे मागच्या सगळ्या महिन्यांचा हिशेब येणार, आणि त्यात पेन्यास नेग्रासच्या नावापुढे भोपळा होता.

साहेबाला मी सगळं सांगितलं. त्याला वाईट वाटलं, तो माणूस वाईट नाही. पण कोड बदलायचा म्हटल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. आज बदलला आणि उद्या दुसऱ्या गावाचे ईसीजी अडकले तर? यंत्र जाईल तर जाऊ दे, पुढच्या खेपेला त्यांना पुन्हा देऊ, असं तो म्हणाला. आमच्याकडे पुढची खेप म्हणजे काय ते त्यालाही माहीत होतं, म्हणून तो माझ्याकडे न बघता कॉफीच्या कपाकडे बघत होता. मी म्हटलं, चालू कोडला मी बोटही लावत नाही. वेगळा कोड लिहिते, जुन्या पोत्यांच्या नकला घेते आणि त्यांच्यावर चालवते. बिघडला तर माझा बिघडेल. यावर नाही म्हणायला त्याला कारण सापडलं नाही.

मला असं काम आवडतं. आधी चिठ्ठी वाचायची आणि विचारायचं, बाई गं, तुझा ईसीजी कुठल्या पाकिटात आहे? मग खुणेच्या ओळीवर पोतं कापायचं. प्रत्येक पाकिटाच्या कपाळावर त्याचं नाव असतं, आत काय प्रकारचा माल आहे तेही लिहिलेलं असतं. नावानिशी सगळी पाकिटं ओळीनं लावायची. चिठ्ठीनं जे नाव सांगितलं तेच उचलायचं, मग ते पहिलं असो नाहीतर शेवटचं. बोगोताच्या पोरानं हे केलं असतं तर त्याचा जेमतेम एक दुपारचा वेळ गेला असता.

पहिल्यांदा कोड चालवला तर एकही पाकीट सापडेना. मी दात-ओठ खाल्ले. मग लक्षात आलं की चिठ्ठी नावाच्या आधी स्वतःची तीन अक्षरं लावते, आणि पाकीट तेच नाव कंसात घालून मिरवतं. माझा भाऊ ऑफिसात सेन्योर सियाचोके आणि घरी चुचो असतो, तसंच हे. माणूस एकच. अक्षरं काढली, कंस काढले, पुन्हा चालवला. पेन्यास नेग्रासचे ईसीजी एकामागून एक बाहेर पडले, स्वच्छ आणि अख्खे. माझा जीव भांड्यात पडला.

ईसीजीबरोबर फोटोही बाहेर आले. एकदा पोतं कापलं की सगळीच पाकिटं सुटी होतात. ते मला टाकून देता आले असते. मी फक्त एक उघडून बघितला, नीट आलाय की नाही एवढ्यासाठी. मग दुसरा बघितला. मग मी पाव आणि चीज टेबलावरच मागवलं आणि बघत बसले.

दोन्या एर्मिंदा लोकरी रुआना पांघरून ताठ बसल्या होत्या, पासपोर्टला बसावं तशा, आणि नातू त्यांच्या मागून जीभ काढत होता. एका बाईनं कोंबडी काखेत धरली होती, बहुधा नर्ससाठी आणलेली. म्हातारे अनानियास नवी कोरी हॅट घालून उभे होते, हॅटच्या किमतीचा कागद अजून आत लटकत होता. प्रत्येक फोटोत मागे तीच पांढरी भिंत, आणि भिंतीवर कुणीतरी निळ्या रंगानं रंगवलेलं मोठं हृदय. गावकऱ्यांनी यंत्रासाठी खोली रंगवली होती ती हीच असणार. सगळे थेट कॅमेऱ्याकडे बघत होते, म्हणजे डॉक्टरांकडे. आणि कुणीच त्यांच्याकडे बघितलं नव्हतं. मला लाज वाटली. माझ्या चुकीची म्हणावी तर चूक माझी नव्हती, पण लाज वाटायची ती वाटलीच.

डॉक्टर रोबायो मला आवडतात, कारण ते कुणालाही सुप्रभात म्हणत नाहीत. दिवसभर ते पडद्यावर वाकडी रेघ बघतात, दोन ओळी लिहितात, पुढची रेघ मागवतात. मी त्यांच्यासमोर फाईल उघडली. प्रत्येक ईसीजीच्या डाव्या बाजूला मी त्याचा फोटो ठेवला होता. असं करा म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं.

"हे कोण?" डॉक्टर म्हणाले.

"ईसीजीचे मालक," मी म्हटलं.

त्यांनी भुवया उंचावल्या, पण फोटो काढून टाकायला सांगितलं नाही. एकेक पान ते पुढे नेत होते. अनानियासांच्या फोटोवर ते थांबले आणि हॅटकडे बघत म्हणाले की हा माणूस नटून आलाय. मी म्हटलं, तुम्हाला भेटायला आलाय. मग पुढे गेल्यावर दोन्या एर्मिंदा पुन्हा आल्या. आणखी पुढे तिसऱ्यांदा. रुआना तीच, बसणं तेच ताठ, नातू मात्र तिसऱ्या खेपेला नव्हता.

"या बाई तीनदा का आल्या?"

"आपण तीनदा 'पुन्हा पाठवा' म्हटलं म्हणून," मी म्हटलं. "वरच्या वस्तीवरून चालत येतात."

डॉक्टरांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला. मला जायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी पेन्यास नेग्रासचे सगळे ईसीजी वाचून काढले होते. बहुतेकांची हृदयं त्या चढउतारावर घडलेली, खणखणीत. दोन्या एर्मिंदांचं तर त्यांनी 'माझ्यापेक्षा बरं' असं लिहिलं, औषधाच्या रकान्यात. म्हातारे अनानियास यांचे ठोके मात्र फार सावकाश पडत होते. त्यांना पुढच्याच बसनं तुन्ह्याला बोलावलं, उशीर झालेला नव्हता.

शुक्रवारच्या बैठकीत मी भिंतीला टेकून उभी होते. मला तिथे खुर्ची नसते. साहेबानं माझा अहवाल वाचला. चांगला वाचला, चूक कोडची आहे हे वाक्य त्यानं गिळलं नाही. मग कुणीतरी दुसऱ्या गावाचं काय, असं विचारलं. डॉक्टर रोबायो सहसा बैठकीत पेंगतात. ते म्हणाले की दुसऱ्या गावासाठी दुसरं यंत्र शोधा, पेन्यास नेग्रासचं हलणार नाही, आणि तिथून फोटो येणं बंद झालं तर मी वाचणं बंद करीन.

साहेब माझ्याकडे वळला. म्हणाला, "म्हणजे तो तुझा नवा कोड आता सगळ्याच गावांना लावावा लागणार." मी म्हटलं, सगळ्या गावांच्या जुन्या पोत्यांवर चालवून, तपासून झालाय, तुम्ही फक्त हो म्हणा. त्यानं आधी छताकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे, आणि हो म्हटलं.

टेबलाशी परत येऊन मी पेन्यास नेग्रासचा नंबर लावला. फोन लगेच उचलला गेला, जणू कुणी हात ठेवूनच बसलं होतं. या वेळी मी शहाणी झाले होते. परत कानउघाडणी करून घ्यायची माझी तयारी नव्हती.

"सुप्रभात, दोन्या एदिल्मा," मी म्हटलं. "सकाळी बऱ्या उठलात ना?"

"बरी उठले."

"घरचे सगळे बरे?"

"बरे."

"गाय? आणि धुकं कसं आहे? थंडी फार असेल ना..."

"अहो बाई, थंडी गेली खड्ड्यात," दोन्या एदिल्मा म्हणाल्या. "यंत्र राहतंय की जातंय, ते आधी बोला."

मला हसू आवरेना. ऑफिसात सगळ्यांनी माना वळवल्या, कारण बर्फाची लादी हसताना त्यांनी पाहिली नव्हती. मी म्हटलं, "राहतंय. आणि फोटोही पाठवा. डॉक्टरांनी मागितलेत. आधी फोटो, मग ईसीजी, तुम्ही पाठवत होता तसंच."

पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा ठक्क आवाज आला, आणि दूरवरून त्यांचं ओरडणं, "राहतंय!" त्यावर खुर्च्या सरकल्या, बरेच जण एकदम बोलायला लागले, एक कोंबडीही फडफडली. खोली भरलेली होती. सगळे गाई सोडून फोनभोवती येऊन बसले होते. मी कानाला रिसीव्हर लावून ते सगळं ऐकत राहिले. फोन चालू राहिल्याचं बिल संस्थेच्या माथी होतं, आणि साहेब समोर उभा होता, पण त्यानंही काही म्हटलं नाही.

बऱ्याच वेळानं दोन्या एदिल्मा परत फोनवर आल्या. त्यांनी नाक ओढलं, घसा साफ केला, आणि आवाज पुन्हा पहिल्यासारखा सावकाश झाला.

"माफ करा, सुमेर्से, माझं राहूनच गेलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही सकाळी कशा उठलात?"

आणि मी सांगितलं. गळकं छप्पर, आईचा गुडघा, सगळं.